बायजाबाईच्या सत्तुराचा अठरावा उपयोग

आता काय सांगू तुम्हाला! माणसाने दुसऱ्याचं नुकसान करावं तर निदान रागाने तरी करावं. मी केलं ते कौतुकाने! रागाने केलं असतं तर दोन शिव्या खाऊन मोकळी झाले असते. कौतुकाने केलेल्या नुकसानीला लोक शिव्यासुद्धा देत नाहीत हो, नुसते तुमच्याकडे बघत बसतात. चहा घ्या, थंड होतोय. सांगते.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता. मला धानोऱ्याच्या पुढे, जंगलात दोन कोस आत, एका गावच्या शाळेत नोकरी लागली. वय तेवीस. वाढले भद्रावतीत, कारखान्याच्या कॉलनीत. वडील टर्नर. टर्नरच्या घरात प्रत्येक कामाला वेगळं हत्यार असतं आणि प्रत्येक हत्याराला वेगळा खिळा. आईनेही त्याच शिस्तीत मला संसार बांधून दिला. चिरायला विळी, किसायला किसणी, सोलायला सोलाणं, ठेचायला खलबत्ता, उलथायला उलथणं, पकडायला सांडशी. एवढं लोखंड खाली उतरवताना एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "म्याडम, शाळेत शिकवून राह्यल्या का लोहारकाम करून राह्यल्या?"

खोली मिळाली बायजाबाईकडे. पन्नाशीची बाई, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. नवरा शेतावर, मुलगा चंद्रपूरला नोकरीत. आणि चुलीजवळ हत्यार किती? एक. सत्तूर.

सत्तूर म्हणजे तोच, मटण तोडायचा, रुंद पात्याचा. पण काय त्याची दशा! काळा कुळकुळीत. धार अर्ध्या भागात होती, पुढच्या कोपऱ्यात पार बोथट. पाठीला एक खाच. टोकाशी बोट जाईल एवढं भोक. पात्यावर तीन ओरखडे. मूठ म्हणजे सुतळी गुंडाळलेला लाकडाचा बुंधा. मला तर कीवच आली. मी माझी नवीकोरी विळी पुढे केली.

"मावशी, ही वापरा ना."

"राहू द्या जी," बायजाबाई म्हणाली. "तुमची थे इळी एकच काम करते आन बाकी दिवसभर बसून राह्यते. आमच्या घरी असं कोनाले परवडत नाई."

पहिल्या आठवड्यातच माझं तोंड बंद झालं!

अंबाडीची जुडी आणली होती. मी आपली एकेक पान खुडत बसलेली. बायजाबाईने देठ त्या सत्तुराच्या भोकात घातला, पलीकडून धरला, ओढला. सर्र! पानं अलीकडे, देठ पलीकडे. माझी एक काडी होईपर्यंत तिची अर्धी जुडी. मग तोच सत्तूर आडवा करून लसूण चेचला. उलटा धरून मुठीने खडेमीठ फोडलं. तव्यावरची भाकर उलथली ती पात्यानेच. रॉकेलच्या डब्याचं झाकण उघडलं पाठीच्या खाचेने. आणि जेवण झाल्यावर त्यानेच चुलीतली राख ओढली.

"मावशी, अहो, हे सगळं एकानेच?"

"मंग? हात तं दोनच हायेत ना मानसाले. दहा हत्यारं धराची कशी?"

बी.ए.ला लॉजिक होतं मला, पण हे त्यात नव्हतं.

पुढे चारोळीचे दिवस आले. जंगलातून चाराची फळं आणायची, गर काढायचा, आतली बी फोडायची आणि चारोळी काढायची. मी धारेने बी फोडायला गेले तर आतली चारोळीही दोन तुकडे. बायजाबाईने सत्तूर मला भुईवर ठेवायला लावला, मग स्वतः उचलला आणि बोथट कोपऱ्याने टक्, टक्, टक्. एकेक चारोळी अख्खी.

"धारेनं फोडलं तं दाना कटते जी. फोडाले बोथटच पाह्यजे. बुढीनं मुद्दाम बोथट ठेवला हाये हा कोपरा."

बुढी म्हणजे तिची सासू. सत्तूर तिचाच. हे वाक्य मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं होतं, बरं का! लक्षात ठेवा. पुढे मला मारायला कामी येईल.

मी त्या सत्तुराची भक्तच झाले. एक वही केली. शिक्षिका ना मी! 'बायजाबाईंच्या सत्तुराचे उपयोग' असा मथळा घालून नंबर टाकून लिहायला लागले. आठवा उपयोग तर असा घडला, की शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्या चुरगळलेल्या. बायजाबाईने सत्तूर निखाऱ्यावर जरासा धरला, फडक्याने पुसला, ओल्या कापडावरून फिरवला. अशी कडक घडी पडली, की साहेब म्हणाले, "बाई, कपडे इस्त्रीला काय गडचिरोलीला पाठवता?" शाळेच्या तपासणीत त्यांना आवडलेली ती एकच गोष्ट.

आणि त्याचा आवाज! दुपारी बायजाबाई सत्तूर दोरीने आंब्याच्या फांदीला टांगायची आणि दगडाने एक टोला हाणायची. टण्ण! मोहाच्या झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाया अर्ध्या कोसावरून जेवायला निघायच्या. शाळेला घंटा नव्हती, तेव्हा मधली सुट्टीही मी त्याच टोल्यावर द्यायची. दाराची कडी म्हणून सत्तूर, बांबूच्या कमच्या, म्हणजे पातळ पट्ट्या, तासायला सत्तूर, कोंबडीचं खुराडं बंद करायला आडवा लावायचा तोही सत्तूरच. भात मांडताना बायजाबाई तो गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, उभा धरायची आणि डोळे बारीक करून बघायची. मी वहीत लिहिलं, 'सोळावा : तांदूळ सारखा करणे.'

विचारलं नाही हो! लिहून मोकळी! शिकलेल्या माणसाला एवढी घाई कशाची असते देव जाणे.

आता या गोष्टीत दुसरी बाई येते. सुभद्राबाई, बायजाबाईची मोठी जाऊ. एकाच अंगणाच्या त्या टोकाला तिचं घर, मध्ये कुडाची भिंत. सासूने जाता जाता सत्तूर धाकटीला दिला आणि मोठीला मिळाला पाटा-वरवंटा. तेव्हापासून दोघींत अबोला. किती वर्षं? अकरा! एक विहीर, एक अंगण, एक मोहाचं झाड, आणि अकरा वर्षांत शब्द नाही. भांडण मालमत्तेचं नव्हतं. "बुढीनं सत्तूर तिले देल्ला, म्हंजे हात तिचा चांगला असं झालं ना?" हे सुभद्राबाईचं दुःख, आणि ते ती विहिरीवर सगळ्यांना सांगायची, एका जावेला सोडून.

त्या वर्षी मात्र चौदा एप्रिलच्या जयंतीच्या बैठकीत दौलतभाऊंनी, ते आमच्या विहाराच्या कमिटीचे पुढारी, दोघींना समोरासमोर बसवलं. "अख्ख्या गावाचं जेवन हाये. भात बायजाबाई, भाजी सुभद्राबाई, चूल एकाच मांडवात. जमत असन तं सांगा, नाईतर यंदा नुसतं सरबत पाजू सगळ्याईले."

गावाला सरबत पाजायची नामुष्की दोघींनाही नको होती. दोघी 'हो' म्हणाल्या. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर अकरा वर्षांचं तुंबलेलं बोलणं असं सुटलं, की मला शाळेच्या वह्या तपासायला शांतता मिळेना! सत्तूर कुडाच्या इकडून तिकडे जायला लागला. पण कधी हातातून हातात नाही. बायजाबाई तो भुईवर ठेवायची, मग सुभद्राबाई उचलायची. धारेची वस्तू हातोहात दिली तर भांडण होतं म्हणे.

मी म्हटलं, "मावशी, ही अंधश्रद्धा झाली."

"अंधश्रद्धा कायची?" सुभद्राबाई म्हणाली. "हातोहात देता-घेता बोट कापते, बोट कापलं का भांडन होते. सादी गोष्ट हाये."

हेही वहीत लिहायला हवं होतं.

तर जयंती पाच दिवसांवर. मी शनिवार-रविवार भद्रावतीला निघाले. जाताना तो खुंटीवरचा काळा सत्तूर दिसला आणि माझं मन भरून आलं. खरंच सांगते, भरून आलं! एवढा गुणी सत्तूर, आणि असा गबाळा! अख्ख्या गावाचा स्वयंपाक याच्यावर, आणि धड धारही नाही. वडील टर्नर असून माझा काय उपयोग? गुपचूप नेते, नवा करून आणते, जयंतीच्या आधी बायजाबाईच्या हातात ठेवते. कशी खूश होईल बाई!

साडीत गुंडाळला आणि पिशवीत घातला. बायजाबाईची अडचण नको म्हणून माझी विळी चुलीजवळ ठेवली. दोन दिवसांचा तर प्रश्न.

बसमध्ये पिशवी आडवी झाली आणि सत्तुराचं टोक बाहेर आलं. तोच कंडक्टर! चंद्रपूरपर्यंत तो माझ्या सीटपाशी आलाच नाही. तिकीट दुसऱ्या प्रवाशाच्या हाती पाठवलं.

बाबांनी सत्तूर हातात घेतला, वजन केलं, नखाने वाजवून बघितला. "लोखंड एक नंबर आहे पोरी. जुन्या गाडीच्या स्प्रिंगपट्टीचं असणार. कोणी तरी मनापासून घडवलाय." त्यांच्याही डोळ्यांत कौतुक. मागच्या पडवीत त्यांचं धार लावायचं चाक होतं. ते सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, "हा कोपरा बोथट ठेवलाय मुद्दाम?"

"नाही हो, झिजलाय."

"आणि हे भोक?"

"गंजलं असेल." नव्या सत्तुराच्या नादात चारोळी आणि अंबाडी, दोन्ही विसरले होते मी!

"बरं, या तीन रेघा?"

"ओरखडे आहेत, बाबा."

बाबांनी चष्मा कपाळावर घेतला. "ओरखडे इतके सरळ नसतात. आणि एकमेकांपासून असे मापात नसतात."

तीस वर्षं मापात काम केलेला माणूस बोलतोय! आणि मी काय म्हणाले? "बाबा, तुम्हाला सगळ्यात माप दिसतं. घासून टाका."

घासले. बिचाऱ्यांनी मुलीच्या शब्दाखातर सगळं घासलं. भोकात पितळेचं रिव्हेट ठोकून सपाट केलं. खाच काढायला पाठ उतरवली. शिसवीची मूठ बसवली, त्यात एक दिवस जास्त गेला. मग पॉलिश. अहो, काय पॉलिश! मी त्यात बघून केस विंचरले.

म्हणजे सोमवारी यायची ती मी मंगळवारी दिवस कलता कलता गावात पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी जयंती. वाटलं, गावात लगबग असेल. अंगणात आले तर शुकशुकाट. कुडाच्या भिंतीत येण्याजाण्यासाठी केलेली वाट होती ना, तिथे काट्यांची झुडपं लावलेली.

"मावशी, काय झालं?"

बायजाबाई चुलीसमोर गुडघे धरून बसली होती. डोळे सुजलेले.

"चोरला जी. सत्तूर चोरला माझा. तिनंच. अकरा वर्सं डोळा होता तिचा. गोड बोलून घरात शिरली आन घेऊन गेली."

मी पिशवी पाठीमागे सरकवली. "अहो, पण... दुसऱ्या कोणी..."

"दुसरं कोन घेईन? गावात कोनी घेत नाई कोनाचं. तुमच्यावर तं शक घ्याचाच नाई, तुमच्या घरी वीस हत्यारं हायेत. तिनं उलटी शपथ खाल्ली भर विहारात! म्हनते, तुले बुढीनं देऊन चूक केली, ठेवता बी नाई आला. असं बोलली मले! आता मी मेली तरी तिच्या संगं चूल नाई मांडत."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून टाकायचं. हो ना? मलाही आत्ता तसंच वाटतं! पण समोर बाई रडतेय, पिशवीत सत्तूर आहे, आणि आपण तीन दिवस कोणाच्या तरी डोक्यावर चोरीचा आळ ठेवून कॉलनीत वरणबट्टी खात होतो, हे तोंडातून निघतं का पटकन? मी भित्री. मी विचार केला, पहाटे गुपचूप खुंटीला लावते. सकाळी तिला सापडेल. सापडला म्हणजे चोरी नाही, चोरी नाही म्हणजे भांडण नाही. किती सोपं!

उजाडता उजाडता लावला. अंथरुणात पडून कान लावून बसले. बायजाबाई उठली. पावलं वाजली. थांबली.

"अव माय!"

मी डोळे चोळत बाहेर आले. काय तो अभिनय! "सापडला का मावशी?"

"हा कोनाचा?"

"म्हणजे? तुमचाच!"

"माझा?" तिने तो दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. "हा माझा नाई जी. हा तं दुकानातला हाये." आणि मग तिचा चेहरा असा बदलला, की मी दोन पावलं मागे सरले. "पाह्यलं म्याडम? पाह्यलं? बुढीचा दडवला आन दुकानातला आनून लावला! मले येडी समजून राह्यली!"

आणि निघाली ना तडक विहाराकडे! मी मागे, अनवाणी.

विहारासमोर मांडव. पंचशील ध्वज लागलेले. गावातली माणसं पांढरे कपडे घालून जमायला लागलेली. मांडवाच्या त्या टोकाला सुभद्राबाईची चूल, या टोकाला बायजाबाईची रिकामी. मधोमध भाताचा भला मोठा गंज, त्यात तांदूळ धुऊन टाकलेले, आणि दौलतभाऊ डोक्याला हात लावून बसलेले.

"हा घे तुझा!" बायजाबाई गरजली. "मले बुढीचा पाह्यजे!"

सुभद्राबाईने सत्तुराकडे बघितलं. "हा माझा कायले? मी आजवर असा पाह्यला बी नाई."

"तू नाई लावला खुंटीले?"

"तुझ्या घराचा उंबरा तीन दिवस पाह्यला नाई म्या! बुढीच्या मातीची शपथ!"

"मातीची शपथ खाऊ नोको, चोट्टे!"

झालं! 'चोट्टी' शब्द निघाला आणि अर्धा मांडव इकडून, अर्धा तिकडून. कोणी म्हणे पोलीस पाटलाला बोलवा. कोणी म्हणे सरबताची साखर आणा. दौलतभाऊ उठून म्हणाले, "दोघी बी घरी जा. यंदा जेवन नाई."

आणि सुभद्राबाई, एवढी तोंडाची तिखट बाई, तिने पदर डोळ्यांना लावला आणि हळूहळू चालायला लागली. अकरा वर्षांनी मिळालेली जाऊ आणि गावातलं नाव, दोन्ही मांडवात टाकून चालली होती ती. कशापायी? माझ्या कौतुकापायी!

"मी नेला!" मी ओरडले. "सुभद्राबाईंनी नाही. मी नेला होता सत्तूर. भद्रावतीला. हा तोच आहे. नवा केला. मूठ नवी, धार नवी. मावशी, तुमच्यासाठीच..."

आणि घाईघाईत मी तो सत्तूर बायजाबाईच्या हातातून घेतला आणि सुभद्राबाईच्या हातात द्यायला गेले.

"हातात नोको! भुईवर ठेवा!"

दोघी जावा एकदमच ओरडल्या. तीन दिवसांत दोघींचं एकमत झालेलं हे पहिलं वाक्य. मी सत्तूर भुईवर ठेवला आणि शेजारी मीही बसले.

सगळे नुसते माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं होतं ना, कौतुकाने केलेल्या नुकसानीला शिव्या नसतात. सुभद्राबाई परत आली, वाकली, सत्तूर उचलला. उलटापालटा केला. पितळेच्या रिव्हेटवर बोट फिरवलं. "भोक कुठी गेलं?"

"बुजवलं."

"आता अंबाडी कायनं ओढाची?"

सुभद्राबाईने सत्तूर परत भुईवर ठेवला.

बायजाबाईने घेतला, अर्थात भुईवरून. कोपरा चाचपला. "इथंही धार लावली?" मग दगड उचलून पात्यावर एक टोला दिला. टिंग! चहाचा चमचा कपाला लागावा तसा. पाठ घासून घासून पातळ झाली होती ना. मांडवातली पोरं हसली. बायजाबाई नाही हसली. तिने पातं उन्हात धरलं, तिरपं केलं, पुन्हा तिरपं केलं. आणि मग एकदम मटकन खाली बसली.

"रेघा," ती म्हणाली. "बुढीच्या रेघा पुसल्या जी, म्याडम."

"ते ओरखडे? मावशी, ते..."

"ओरखडे नाई व माय! पान्याचं माप होतं थे! सत्तूर तांदळावर उभा कराचा. घरच्या भाताले पयल्या रेघेपर्यंत पानी. लग्नाच्या भाताले दुसरी. आन गावाच्या गंजाले तिसरी. बुढीनं खिळ्यानं पाडल्या होत्या. बिना रेघेचा एवढा भात म्या कधी मांडलाच नाई. आता याची पेज होईन का कच्चा राह्यीन, कोन सांगन?"

सोळावा! तांदूळ सारखा करणे! माझ्या वहीने मला भर मांडवात चापट मारली.

बाहेरगावचे पाहुणे यायला लागले होते. वंदना सुरू व्हायला थोडाच वेळ. गंजात पोतंभर तांदूळ. एकेक बाई पुढे येऊन आपलं शहाणपण सांगायला लागली. एक म्हणे दुप्पट पाणी, एक म्हणे दीडपट. दौलतभाऊ तर मला विचारायला लागले, "म्याडम, तुमच्या गनितात बसते का हे?" मी गणितच शिकवायची. नाही बसलं.

तेवढ्यात सुभद्राबाईने बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या.

"पानी ओता," ती म्हणाली.

"किती?" दौलतभाऊंनी विचारलं.

"मी थांब म्हनतो तवर."

तिने हात गंजात घातला. चार बोटं जुळवून तांदळावर आडवी टेकवली. घागरी पडायला लागल्या. पाणी करंगळीवर चढलं, मधल्या बोटांवर चढलं, पहिल्या बोटाच्या कडेला आलं.

"बस."

बायजाबाई टक लावून बघत होती. "तुले कसं ठाव?"

"ठाव कसं?" सुभद्राबाईने हात बाहेर काढला, पदराला पुसला. "थ्या रेघा माह्याच बोटाच्या होत्या. मी नवरी होऊन आली तईच्या. बुढीले दिसेना झालं होतं. म्हने, तुझा हात बराबर हाये, टेकव पात्यावर. माह्या बोटाले लावून लावून तिनं रेघा पाडल्या. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. आन मंग सत्तूर तुले देल्ला."

"मले कधी नाई सांगतलं तिनं."

"तू कधी इचारलं?"

बायजाबाईने तो हात धरून उलटा केला. साधाच हात हो, हळद लागलेला. मग म्हणाली, "म्हंजे म्या अकरा वर्सं तुझ्याच हाताचा भात खाऊन राह्यली होती?"

"मंग? म्हनून तं चांगला होत होता."

आणि दोघी हसायला लागल्या! आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून. बायजाबाईने काट्यांची झुडपं काढायला मुलं पिटाळली. सुभद्राबाईने आपली चूल उचलून गंजाशेजारी आणली. मला कोणी काही बोललं नाही. फक्त दौलतभाऊंनी एक टोपलं माझ्यापुढे सरकवलं. कांदे. सगळ्या गावाचे.

"धार नवी हाये ना? चिरा."

चिरले. काय सांगू, लोण्यासारखे चिरले जात होते! पण ते मोठ्याने म्हणायची माझी हिंमत नव्हती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हाताला चुलीची राख, आणि तीच राख चेहऱ्याला.

भात? दाणा दाणा मोकळा. एवढा सुंदर भात मी नंतर कुठल्याच पंगतीत खाल्ला नाही. वाढताना लोक विचारत होते, "भात कोनाचा?" आणि बायजाबाई प्रत्येक पानाशी थांबून सांगत होती, "माह्या जाऊचा."

पंगती उठल्या. दोघी जावा मांडवात पाय पसरून बसल्या. पाहुण्यांपैकी धानोऱ्याच्या एका बाईचं लक्ष त्या सत्तुराकडे गेलं. "अव, काय चमकून राह्यला! कायच्या कामाचा हाये?"

बायजाबाईने मला हाक मारली. "म्याडम, थे तुमची वही हाये ना, आमच्या सत्तुराची?"

"आहे."

"किती झाले उपेग?"

"सतरा," मी खाली मान घालून म्हटलं. "आता त्यातले फारसे उरले नाहीत."

"नाई कसे? एक नवीन झाला. अठरावा लिवा."

"काय लिहू?"

तिने सत्तूर भुईवरून उचलला आणि त्याचं पातं आडवं करून माझ्या तोंडासमोर धरलं.

"लिवा, लय शिकलेलं मानूस कसं दिसते, थे यात दिसते."

मी बघितलं. आणि खरंच सांगते हो, दिसत होतं. अगदी स्वच्छ. बाबांनी पॉलिश फारच सुरेख केलं होतं!